डाव्या हाताचा पियानो: पॉल विटगेनस्टाइन आणि त्यानं कुलपात ठेवलेलं संगीत



एखादं काम अगदी सोपं आहे असं सांगायचं असेल तर आपण काय म्हणतो? "हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" म्हणजे महत्त्वाचं काम उजव्या हातानं करायचं आणि किरकोळ डाव्यानं. लहानपणी प्रसादासाठी डावा हात पुढे केला की आई हळूच चापट मारायची, आठवतंय ना? आजची गोष्ट आहे एका पियानोवादकाची, ज्याच्याकडे फक्त डावा हात उरला होता. त्या एका हातावर त्यानं पुढची 40 हून जास्त वर्षं मैफली केल्या.

त्याचं नाव पॉल विटगेनस्टाइन. आडनाव ओळखीचं वाटलं असेल. तत्त्वज्ञान शिकलेल्यांना लुडविग विटगेनस्टाइन माहीत असतो. पॉल हा त्याचा थोरला भाऊ.

सुरुवात मात्र मी एका पत्रापासून करतो. 1950 च्या सुमाराला जर्मनीतून एक पत्र न्यूयॉर्कला पोचलं. लिहिणारा होता झीगफ्रीड राप, हाही पियानोवादक. दुसऱ्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता. पहिल्या महायुद्धात विटगेनस्टाइनचा गेला होता, अगदी तसाच. रापची विनंती साधी होती. तुम्ही मोठमोठ्या संगीतकारांकडून एका हातासाठी ज्या रचना लिहून घेतल्यात, त्यातलं काही मला वाजवायला द्याल का?

विटगेनस्टाइननं काय उत्तर दिलं असेल? थोडा अंदाज बांधून ठेवा. उत्तराकडे आपण शेवटी येऊ. कारण ते समजून घ्यायचं तर आधी व्हिएन्नाला जावं लागेल.

श्रीमंत घर, अस्वस्थ घर

पॉलचा जन्म 1887 चा, व्हिएन्नातला. वडील कार्ल विटगेनस्टाइन हे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातले पोलादसम्राट. युरोपातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांमध्ये त्यांची गणना व्हायची. राजवाड्यासारखं घर, घरात एक नाही तर अनेक ग्रँड पियानो. ब्राह्म्स, माहलर, रिचर्ड श्ट्राउस ही मंडळी त्या घरात पाहुणे म्हणून यायची. आपल्याकडे एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यावर गवयांची ये-जा असायची, तसंच काहीसं समजा.

पण हे घर सुखी नव्हतं. मुलांनी धंदा सांभाळावा हा वडिलांचा हट्ट. थोरला हान्स विलक्षण संगीतवेडा होता, तो घर सोडून गेला आणि 1902 मध्ये परदेशात नाहीसा झाला. तो परत आलाच नाही. दोन वर्षांनी रुडॉल्फनं बर्लिनमध्ये विष घेतलं. तिसरा कुर्ट, त्यानं 1918 मध्ये युद्धाच्या अगदी शेवटी स्वतःवर गोळी झाडली. पाच भावांपैकी उरले दोन, पॉल आणि लुडविग.

पॉललाही पियानोवादकच व्हायचं होतं. लेशेटित्स्की या त्या काळातल्या नामांकित गुरूकडे तो शिकला. संगीतशास्त्र शिकला योझेफ लाबोर या अंध संगीतकाराकडे. हे लाबोर लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहेत. वडील वारले 1913 च्या जानेवारीत. त्याच वर्षी 1 डिसेंबरला पॉलनं व्हिएन्नाच्या प्रसिद्ध म्युझिकफेराइन सभागृहात पहिली मोठी मैफल केली. पैशाची चणचण नव्हतीच, सभागृह आणि ऑर्केस्ट्रा त्यानं स्वतःच भाड्यानं घेतला. समीक्षकांनी बरं लिहिलं. आता कारकीर्द सुरू होणार, वय 26.

आणि आठ महिन्यांत पहिलं महायुद्ध सुरू झालं.

खोक्यावरचा पियानो

पॉल राखीव दलातला अधिकारी होता. ऑगस्ट 1914 मध्ये, आज पोलंडमध्ये असलेल्या झामोश्च गावाजवळ, तो टेहळणीला गेला आणि उजव्या कोपराला गोळी लागली. जवळच्या लष्करी इस्पितळात हात कापावा लागला. तेवढ्यात ते इस्पितळच रशियन फौजेनं ताब्यात घेतलं. म्हणजे शुद्धीवर आला तेव्हा उजवा हात नव्हता, आणि तो युद्धकैदी होता. तिथून त्याला पार सैबेरियात, ओम्स्कला नेलं.

इथे क्षणभर थांबून पियानोबद्दल थोडं सांगतो, म्हणजे नुकसान नेमकं किती झालं ते कळेल. आपली पेटी डोळ्यासमोर आणा. पेटीवर उजवा हात पट्ट्यांवर फिरतो आणि डावा भाता मारतो. पियानोला भाता नाही, तिथे दोन्ही हात पट्ट्यांवर. एकूण 88 पट्ट्या. डावीकडे खर्जाचे सूर, उजवीकडे जाऊ तसे वरचे सूर. साधारणपणे डावा हात खालचा आधार धरतो आणि उजवा मुख्य चाल वाजवतो. म्हणजे उजवा हात गेला की आधार उरला, पण चाल गेली.

ओम्स्कच्या कैदेत पियानो कुठला? पॉलनं एका लाकडी खोक्यावर कोळशानं पट्ट्या काढल्या. काळ्या-पांढऱ्या, मापानुसार. आणि त्या मुक्या पट्ट्यांवर तो रोज तासन् तास डाव्या हाताची बोटं चालवायचा. दोन हातांच्या ओळखीच्या रचना एका हातात कशा बसवायच्या, याचं गणित डोक्यात चालू. सूर फक्त त्याला ऐकू येत होते. एका डॅनिश राजनैतिक अधिकाऱ्याच्या नजरेला हे पडलं आणि त्याच्या खटपटीनं पॉलला पियानो मिळेल अशा जागी हलवलं गेलं.

कैदेतूनच त्यानं आपल्या गुरूला, लाबोरना कळवलं की मला डाव्या हातासाठी काहीतरी लिहून द्या. लाबोरनी तर आधीच लिहायला घेतलं होतं! एक अंध गुरू व्हिएन्नात एका हातासाठी संगीत रचतोय, आणि शिष्य सैबेरियात खोक्यावर रियाज करतोय. नोव्हेंबर 1915 मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत पॉल घरी आला. डिसेंबर 1916 मध्ये त्यानं व्हिएन्नाच्या रसिकांसमोर लाबोरची ती रचना वाजवली. हा त्याचा दुसरा जन्मच म्हणायचा.

एका हातात दोन हात

एका हातानं पियानो वाजवणारा तो काही पहिला नव्हता. हंगेरीचा काउंट गेझा झिची, लिस्टचा मित्र, 14 व्या वर्षी शिकारीच्या अपघातात उजवा हात गमावूनही मैफली करायचा. ब्राह्म्सनं बाखच्या व्हायोलिनच्या एका रचनेचं खास डाव्या हातासाठी रूपांतर केलं होतं. स्क्रियाबिननं स्वतःचा उजवा हात दुखावल्यावर डाव्यासाठी दोन छोट्या रचना लिहिल्या होत्या. पण हे सगळं मिळून एखाद-दोन मैफलींपुरतं. आयुष्यभर मैफली करायच्या तर एवढ्यावर भागणार नव्हतं.

एका हातानं हे जमतं कसं? गंमत अशी की त्यासाठी उजव्यापेक्षा डावा हात सोयीचा आहे. स्वतःचे हात टेबलावर ठेवून बघा. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे येतो, म्हणजे पियानोवर वरच्या सुरांच्या बाजूला. अंगठा हे हाताचं सगळ्यात ताकदवान बोट. म्हणून चाल अंगठ्यानं ठासून वाजवता येते आणि बाकीची बोटं खालचा आधार सांभाळतात. उजव्या हातात हे उलटं होतं, चाल बिचाऱ्या करंगळीच्या वाट्याला येते. शिवाय पायाखाली पेडल असतं. खर्जाचा सूर वाजवायचा, पेडल दाबून तो घुमत ठेवायचा आणि हात विजेसारखा वर नेऊन चाल उचलायची. जुना सूर विरायच्या आत परत खाली. पेडल आणि उडी यांचं वेळेचं गणित जमलं की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटतं, दोन हात आहेत.

विटगेनस्टाइननं यावर आयुष्यभर काम केलं आणि 1957 मध्ये डाव्या हातासाठी तीन भागांची पाठ्यपुस्तकं छापली. पण तंत्र असलं तरी वाजवायचं काय, हा प्रश्न होताच.

पैसे मोजून घेतलेलं संगीत

इथे वारशातला पैसा कामाला आला. धाकट्या लुडविगनं युद्धानंतर आपला सगळा वाटा भावंडांना देऊन टाकला आणि खेड्यात मास्तरकी पत्करली. पॉलनं आपल्या पैशातून संगीत लिहून घेतलं.

1920 च्या दशकात व्हिएन्नाचं चलन कोसळलेलं. अशा वेळी हा माणूस अमेरिकन डॉलरमध्ये मानधन देत होता, तेही सढळ हातानं. कोर्नगोल्ड, फ्रान्त्स श्मिट, हिंडेमिथ, रिचर्ड श्ट्राउस, मग राव्हेल, प्रोकोफिएव्ह, पुढे ब्रिटन. त्या काळातल्या बड्या संगीतकारांची यादीच झाली की ही! सगळ्यांना त्यानं सांगितलं, मला डाव्या हाताच्या पियानोसाठी ऑर्केस्ट्रासह रचना हवी. अशा रचनेला कन्चेर्टो म्हणतात, एका बाजूला एकटा वादक आणि दुसऱ्या बाजूला अख्खा ऑर्केस्ट्रा.

पण अट असायची. ही रचना काही वर्षं, काही बाबतीत मी जिवंत असेपर्यंत, फक्त मी वाजवणार.

आणि दुसरी अडचण त्याच्या कानाची. पॉल जुन्या वळणाचा होता. ब्राह्म्सच्या मांडीवर वाढलेला म्हणा ना. पण पैसे देत होता नव्या वळणाच्या लोकांना. हिंडेमिथनं 1923 मध्ये रचना पाठवली. पॉलला ती पटली नाही. त्यानं ती वाजवली नाही, आणि दुसऱ्या कुणाला दिलीही नाही. प्रोकोफिएव्हला 5000 डॉलर देऊन चौथा कन्चेर्टो लिहून घेतला, 1931 मध्ये. त्याला कळवलं की यातला एकही सूर मला कळत नाही, मी हे वाजवणार नाही. तीही रचना पडून राहिली.

राव्हेलची गोष्ट तर नाट्यच आहे. हा फ्रेंच माणूस पहिल्या महायुद्धात लष्करी ट्रक चालवत होता. म्हणजे ज्या युद्धात पॉलचा हात गेला, त्यात हे दोघं शत्रुपक्षात. 1929-30 मध्ये राव्हेलनं जो कन्चेर्टो लिहिला, तो एका हातासाठी लिहिलेल्या संगीतातला सगळ्यात थोर मानला जातो. सुरुवात ऑर्केस्ट्राच्या पार तळातून होते, अंधारात काहीतरी हलावं तशी. मग सगळं चढत चढत जातं आणि पियानो एकटा कोसळतो तेव्हा एक हात आहे हे खरंच वाटत नाही.

पॉलला सुरुवातीला तोही आवडला नव्हता! 5 जानेवारी 1932 ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला. नंतर राव्हेल तिथे आला तेव्हा पॉलनं त्याला ती रचना ऐकवली, आणि राव्हेलच्या लक्षात आलं की यानं ठिकठिकाणी बदल केलेत. जागा भरल्यात, ओळी फिरवल्यात. राव्हेल भडकला. पुढे पत्रांतून वाद झाला. पॉलचं म्हणणं, वादक हा संगीतकाराचा गुलाम नसतो. राव्हेलचं उत्तर, असतोच. जानेवारी 1933 मध्ये पॅरिसला दोघं एका मंचावर आले खरे, राव्हेल ऑर्केस्ट्रासमोर आणि पॉल पियानोवर. पण मन जुळलं नाही. सहा वर्षांचा हक्क संपला आणि 1937 मध्ये झाक फेव्रिए या दोन्ही हात धड असलेल्या वादकानं ती रचना पॅरिसमध्ये राव्हेलच्या मनासारखी वाजवली. पॉल मात्र उशिरा का होईना मान्य करून गेला की ही थोर कलाकृती आहे.

घरच्या घरीही त्याच्या वादनाचा एक टीकाकार होताच, लुडविग. एक किस्सा सांगतात. पॉल रियाज करत होता. अचानक थांबून शेजारच्या खोलीतल्या लुडविगवर ओरडला, तू घरात असलास की मला वाजवता येत नाही, तुझी शंका दाराच्या फटीतून आत येते!

1938

मार्च 1938 मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. विटगेनस्टाइन कुटुंब दोन पिढ्या ख्रिस्ती होतं, पण नाझी कायद्यात आजी-आजोबांचं मूळ मोजायचे, आणि त्या हिशेबात ते ज्यू ठरले. ज्या देशासाठी हात दिला, त्या देशात पॉलची शिकवण्याची नोकरी गेली, मैफली बंद झाल्या. त्याच्या मुलांची आई हिल्डे, त्याची जवळजवळ अंध असलेली विद्यार्थिनी, ज्यू नव्हती. नाझी कायद्यात असं नातंसुद्धा गुन्हा होता. तो त्याच वर्षी स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेला निघून गेला. हिल्डे आणि मुली मागून गेल्या.

व्हिएन्ना सोडायला तयार नसलेल्या दोन बहिणींना वाचवायचं म्हणून कुटुंबानं नाझींशी सौदा केला. परदेशात ठेवलेलं, टनाच्या वर सोनं जर्मन सरकारी बँकेला दिलं आणि बहिणींना थोडं सुरक्षित वर्गीकरण मिळवून दिलं. त्या वाटाघाटींत इतकी कटुता आली की पॉलचे भावंडांशी संबंध तुटले ते कायमचे. लुडविगशीसुद्धा.

अमेरिकेत त्यानं ब्रिटनकडून एक रचना घेतली, तिच्या ऑर्केस्ट्रावरूनही भांडण झालं, आणि जानेवारी 1942 मध्ये फिलाडेल्फियात ती वाजवली. अनेक विद्यार्थ्यांना त्यानं फी न घेता शिकवलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण माणूस कंजूष नव्हता.

ते उत्तर

आता येऊ रापच्या पत्राकडे.

विटगेनस्टाइननं नकार दिला. त्यानं लिहिलं त्याचा मथितार्थ असा: घर बांधतो ते दुसऱ्यानं राहावं म्हणून नाही. या रचनांची कल्पना माझी, पैसे माझे. मी आहे तोवर त्या माझ्याच.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला. एक हात गमावलेला माणूस, दुसऱ्या एक हात गमावलेल्या माणसाला दार बंद करतोय! खोक्यावर कोळशानं पट्ट्या काढणाऱ्याला हे कळू नये?

मग थोडा विचार केला. दोन हातांच्या वादकासमोर शेकडो वर्षांचं संगीत पसरलेलं असतं. बेथोव्हन आहे, शोपाँ आहे, सगळं फुकट. याच्याकडे काय होतं? जे विकत घेतलं तेवढंच. तेही सगळ्यांनी वाजवायला लागले, दोन हात असलेल्यांनी गंमत म्हणून वाजवलं, तर याला मैफलीला कोण बोलावणार? आपल्याकडेही अनवट बंदिश राखून ठेवणारे, सख्ख्या शिष्यालाही न देणारे उस्ताद होऊन गेलेच ना. आपण त्यांना नावं ठेवतो, पण ज्याची रोजीरोटी त्या चार चिजांवर आहे त्याची भीती खोटी नसते.

एवढं असूनही मला वाटतं, तो चुकला. दोन हातांच्या वादकापासून संगीत जपणं समजू शकतं. राप दोन हातांचा नव्हता. आणि मागितलेल्या घरातल्या काही खोल्यांत तर मालकानं स्वतः कधी पाऊलच ठेवलं नव्हतं.

पुढे काय झालं बघा. प्रोकोफिएव्ह 1953 मध्ये गेला. त्याच्या पश्चात रापनं त्या चौथ्या कन्चेर्टोचं नोटेशन मिळवलं आणि सप्टेंबर 1956 मध्ये बर्लिनला पहिल्यांदा वाजवलं. लिहिल्यानंतर 25 वर्षांनी. पॉल तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हयात होता. तो वारला 3 मार्च 1961 ला.

आणि हिंडेमिथ? ती रचना हरवली असंच जग समजत होतं. हिल्डेच्या निधनानंतर, 2002 च्या सुमाराला, पेन्सिल्व्हेनियातल्या घरातल्या कागदपत्रांत ती सापडली. डिसेंबर 2004 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकनं सायमन रॅटलच्या संचालनाखाली तिचा पहिला प्रयोग केला. लिहिल्यापासून 81 वर्षांनी!

पियानोवर कोण होतं माहितेय? लिऑन फ्लायशर. अमेरिकेचा हा गुणी वादक. ऐन पस्तिशी-छत्तिशीत, 1960 च्या दशकाच्या मध्यावर, त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली. डिस्टोनिया नावाचा आजार. खूप नैराश्यातून गेला. पुढची 30 वर्षं मैफलीत त्याला तगवलं ते डाव्या हाताच्या संगीतानं, त्यातही राव्हेलच्या त्या कन्चेर्टोनं. म्हणजे ज्या रचना पॉलनं फक्त स्वतःसाठी विकत घेतल्या, त्यांनीच पुढे इतरांची कारकीर्द वाचवली. उजव्या हाताशिवाय जन्मलेला ब्रिटिश वादक निकोलस मॅकार्थी 2012 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधून पदवी घेऊन बाहेर पडला. त्याला वाजवायला एवढं संगीत आहे, कारण 100 वर्षांपूर्वी कुणीतरी ते पैसे मोजून लिहून घेतलं.

पॉलला स्वतःला हे असं व्हायला नको होतं. त्याच्या मनाविरुद्ध झालं. तरी हे घर बांधलं त्यानंच, हे त्याच्या खात्यावर लिहायला हवं.

आज एक काम करा. रात्री शांतपणे, इअरफोन लावून राव्हेलचा डाव्या हाताचा कन्चेर्टो ऐका. जेमतेम 18-20 मिनिटांचा आहे. पहिल्यांदा डोळे मिटून ऐका. मग व्हिडिओ बघत ऐका, आणि उजवा हात कुठे ठेवलाय तेवढं पाहा. बहुतेक वेळा तो बाकाची कड घट्ट धरून बसलेला असतो, नाहीतर मांडीवर गप्प पडलेला. ऐकून काय वाटलं ते मला जरूर कळवा.

आणि हो, रापच्या जागी तुम्ही असतात तर? किंवा विटगेनस्टाइनच्या जागी? त्याबद्दलही लिहा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, नमस्कार!